मनांतलें महाविद्यालय आणि हातांतली शिष्यवृत्ति

बारावीचा निकाल लागला म्हणजे गुणवान् विद्यार्थ्याच्या घरीं आनंदाबरोबर एक कठीण प्रश्नही येतो. एखाद्या नामांकित महाविद्यालयाचें चित्र त्या मुलाच्या अथवा मुलीच्या मनांत दोन-तीन वर्षांपासून ठसलेलें असतें. तेथें प्रवेश मिळण्याइतके गुणही पदरांत पडलेले असतात. परंतु तेथील खर्च घराच्या ऐपतीबाहेरचा असतो. दुसऱ्या एका, कमी गाजलेल्या महाविद्यालयांत मात्र शिष्यवृत्ति मिळून तेंच शिक्षण पुष्कळ कमी खर्चांत पुरें होण्याजोगें असतें. एक मार्ग मनाजोगा, दुसरा ऐपतीजोगा. यांपैकीं कोणता धरावा याचा निर्णय बहुधा दहा-पंधरा दिवसांत करावा लागतो, आणि त्याचे परिणाम मात्र दहा-पंधरा वर्षें भोगावे लागतात. म्हणून हा प्रश्न शांतपणें कसा सोडवावा, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिष्यवृत्ति घेऊन शिकणें म्हणजे कोणाच्या तरी दारीं हात पसरणें, किंवा लहान महाविद्यालयांत जाणें म्हणजे हार खाणें, असें कित्येक मुलांस वाटतें. वास्तविक शिष्यवृत्ति हा गुणांचा सत्कार असतो, अथवा समाजानें होतकरू मुलावर टाकलेला विश्वास असतो. आपल्या देशांतील कित्येक थोर विद्वान् शिष्यवृत्तीच्याच आधारानें वर चढले. मात्र शिष्यवृत्ति म्हणजे नुसता पैसा नव्हे. तिला मुदत असते, अटी असतात, आणि त्या डोळे उघडे ठेवून वाचाव्या लागतात. याचीं दोन उदाहरणें आम्ही देतों.

१९१३ सालीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. शिक्षणानंतर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करावी, अशी अट त्या करारांत होती. बाबासाहेब १९१५ सालीं एम्. ए. झाले, आणि १९१६ सालीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपतांच १९१७ सालीं तो अभ्यास अपुरा टाकून त्यांस परत यावें लागलें. कराराप्रमाणें ते बडोद्यास नोकरीवर हजर झाले. पण अस्पृश्यतेच्या जाचामुळें त्या शहरांत त्यांस राहावयास जागाही मिळेना, आणि तें शहर सोडावें लागलें. तरीही लंडनच्या पदवीचा त्यांचा संकल्प ढळला नाहीं. मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयांत प्राध्यापकाची नोकरी करून त्यांनीं पैसा शिल्लक टाकला; कोल्हापूरचे शाहू महाराज यांचें साहाय्य व एका मित्राकडून घेतलेलें कर्ज यांची त्यांत भर घातली; १९२० सालीं ते पुनः लंडनला गेले, आणि १९२३ सालीं तेथील डी. एस्सी. ही पदवी त्यांनीं मिळविली. पैशाच्या अभावीं लांबणीवर पडलेलें ध्येय कायमचें बुडतें असें नाहीं, ही गोष्ट या चरित्रावरून स्पष्ट होते.

दुसरें उदाहरण गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन् यांचें. १९०४ सालीं कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयांत त्यांस शिष्यवृत्ति मिळाली. परंतु गणितांत गढून गेल्यामुळें इंग्रजीसारख्या इतर विषयांकडे त्यांचें दुर्लक्ष झालें आणि ती शिष्यवृत्ति त्यांस गमवावी लागली. एवढ्या असामान्य बुद्धीच्या मुलावर जर हा प्रसंग आला, तर शिष्यवृत्ति मिळविण्याइतकेंच ती टिकविणेंही अवघड असतें, हें इतरांनीं मनांत धरून ठेवावें.

आतां हिशेबाकडे वळूं. बहुतेक घरीं दोन महाविद्यालयांची तुलना फक्त पहिल्या वर्षाच्या फीवरून केली जाते. ही मोठी चूक होय. खर्च मोजावयाचा तो अभ्यासक्रम संपेपर्यंतचा, आणि त्यांत फीबरोबर वसतिगृह, खाणावळ, पुस्तकें, उपकरणें, परीक्षा-शुल्क आणि गांवीं जाण्या-येण्याचें भाडें हें सर्व धरावयाचें. मोठ्या शहरांतील कमी फीचें महाविद्यालय राहण्या-जेवण्याच्या खर्चामुळें शेवटीं महाग पडल्याचें आपण पुष्कळदां पाहतों; उलट, घरून जाऊन-येऊन शिकतां येणारें महाविद्यालय फी थोडी अधिक असूनही स्वस्त पडतें.

उदाहरणादाखल असें समजा कीं, अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. मनांतल्या महाविद्यालयांत सर्व मिळून वर्षाला ३,००,००० रुपये खर्च येतो. दुसऱ्या ठिकाणीं एरव्हीं २,२०,००० रुपये लागले असते. पण १,२०,००० रुपयांच्या वार्षिक शिष्यवृत्तीमुळें घरून १,००,००० रुपयेच द्यावे लागतात. म्हणजे वर्षाला २,००,००० आणि चार वर्षांत ८,००,००० रुपयांचा फरक पडला. कुटुंबाजवळ ही रक्कम शिलकींत असेल तर गोष्ट निराळी. पण ती बँकेकडून कर्जाऊ काढावयाची असेल तर फरक ८,००,००० रुपयांचा राहात नाहीं. दरवर्षीं आरंभीं २,००,००० रुपये याप्रमाणें कर्ज घेतलें, व्याजाचा दर शेंकडा १० धरला, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षानें फेड सुरू करावयाची असें ठरलें, तर पहिल्या हप्त्यावर पांच वर्षांचें, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचें सरळ व्याज मिळून २,८०,००० रुपये होतात. फेडीच्या पहिल्या दिवशींच कर्ज १०,८०,००० रुपयांवर जाऊन बसतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर दरमहा सुमारें १४,२७० रुपयांचा हप्ता पडतो, आणि एकंदर भरणा १७ लाख रुपयांच्या वर जातो. अठराव्या वर्षीं महाविद्यालयांत पाऊल टाकणारा मुलगा अशा रीतीनें तेहतिसाव्या वर्षीं ऋणमुक्त होतो.

या आंकड्यांनीं कोणी घाबरून जावें, असा आमचा हेतु नाहीं. ज्या शिक्षणानें कमाईची शक्ति खरोखर वाढते, त्यासाठीं कर्ज काढणें हा गुन्हा नव्हे. पण दरमहा चौदा हजारांचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला पहिली नोकरी आवडीनें निवडतां येत नाहीं. थोड्या वेतनावर संशोधनाकडे वळतां येत नाहीं. स्वतःचा लहानसा धंदा काढण्याचें धाडस करतां येत नाहीं. गांवीं म्हाताऱ्या आईबापांजवळ राहण्याचा विचारही दूर ठेवावा लागतो. कर्जाची खरी किंमत व्याजांत नसून या गमावलेल्या स्वातंत्र्यांत असते. ती मान्य असेल तरच सही करावी.

शिष्यवृत्तीचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणें केला पाहिजे. पत्र हातांत पडतांच हुरळून न जातां पुढील गोष्टी विचाराव्या. पहिली, ती एका वर्षापुरती आहे कीं अभ्यासक्रम संपेपर्यंत? कित्येक संस्था पहिल्या वर्षीं मोठी सूट देतात आणि पुढें ती आपोआप बंद होते. दुसरी, ती चालू राहण्यास किती गुण लागतात, आणि त्या महाविद्यालयांत तितके गुण मिळविणारे विद्यार्थी साधारणतः किती निघतात? तिसरी, ती ठराविक रुपयांची आहे कीं फीच्या ठराविक प्रमाणांत? फी १,००,००० रुपये असतांना ५०,००० रुपयांची ठराविक शिष्यवृत्ति निम्मा भार उचलते. फी १,२५,००० रुपये झाली कीं पालकांचा वांटा ५०,००० वरून एकदम ७५,००० रुपयांवर जातो. शिष्यवृत्ति निम्म्या फीची असती तर तो ६२,५०० रुपयांवरच थांबला असता. चौथी, सूट केवळ शिकवणीच्या फीवर आहे कीं इतर शुल्कांवरही? पांचवी, नोकरीचा करार, दुसरी शिष्यवृत्ति न घेण्याचें बंधन, किंवा मध्येंच महाविद्यालय सोडल्यास पैसे परत करण्याची अट तींत आहे काय? या पांचही प्रश्नांचीं उत्तरें तोंडी नव्हे, लेखी मिळवावीं.

इतकें करून शेवटीं वाईटांत वाईट काय होईल, याचाही अंदाज घ्यावा. वरील उदाहरणांत पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्ति गेली असें धरलें, तर पहिल्या वर्षाचे १,००,००० आणि पुढील तीन वर्षांचे प्रत्येकीं २,२०,००० मिळून ७,६०,००० रुपये लागतील. हा आंकडा १२,००,००० रुपयांहून कमीच आहे. परंतु घरची तयारी ४,००,००० रुपयांचीच असेल, तर मुलाचें शिक्षण मध्येंच अडेल. म्हणून शिष्यवृत्तीवर विसंबतांना ती गेल्यास काय करावयाचें, याचीही तजवीज आधींच करून ठेवावी.

याउलट, नामांकित महाविद्यालय आपणांस परवडणारच नाहीं असें चौकशी न करतांच ठरविणें हेंही तितकेंच चुकीचें आहे. आय्. आय्. टी. मध्यें बी. टेक्. ची शिकवणीची फी २०१६ सालीं वर्षाला २,००,००० रुपये करण्यांत आली. पण त्याच वेळीं अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांस, तसेंच ज्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांहून कमी आहे अशांस ती संपूर्ण माफ झाली, आणि एक ते पांच लाखांपर्यंत उत्पन्न असणारांस दोन-तृतीयांश माफी मिळाली. नुसता मोठा आंकडा ऐकून जो विद्यार्थी परत फिरतो, तो कित्येकदां आपल्या हक्काच्या सवलतीकडे पाठ फिरवीत असतो.

महाराष्ट्र सरकारच्या योजनांचीही माहिती प्रत्येक पालकानें करून घेतली पाहिजे. आर्थिक दृष्ट्या दुर्बळ वर्गांतील मुलांसाठीं राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण-शुल्क शिष्यवृत्ति योजना आहे; वसतिगृहांत राहण्याच्या खर्चासाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दृष्ट्या दुर्बळ, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणीची व परीक्षेची फी निम्म्याऐवजीं पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला. मात्र येथें एक मेख आहे, आणि ती पुष्कळांस प्रवेश घेतल्यावर कळते. ही माफी सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश-प्रक्रियेंतून मिळालेल्या जागेसाठीं आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस, तसेंच खाजगी अभिमत विद्यापीठांस व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांस ती लागू नाहीं. नांवाच्या मोहानें अशा एखाद्या विद्यापीठांत मुलीचें नांव घातलें, तर माफीचा हक्क तिच्या हातून जातो. म्हणून प्रवेशाचा मार्ग कोणता, हें महाविद्यालयाच्या नांवाआधीं पाहावें, आणि उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला इत्यादि कागद निकालापूर्वींच तयार ठेवावे.

पैशाचा विचार झाला, आतां शिक्षणाचा. महाविद्यालयाच्या नांवाला किंमत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. उत्तम ग्रंथालय, सुसज्ज प्रयोगशाळा, व्यासंगी अध्यापक आणि बुद्धिमान् सोबती यांचा लाभ मोठा असतो. नोकरी देणाऱ्या कंपन्या कांहीं ठराविक ठिकाणींच जातात, हेंही खरें. परंतु हे गुण त्या महाविद्यालयांत सामान्यपणें आहेत कीं आपण निवडलेल्या शाखेंतही आहेत, हें पाहिलें पाहिजे. एखादें महाविद्यालय एका शाखेसाठीं प्रसिद्ध असतें, आणि त्याच्या दुसऱ्या शाखेंत कायमचे अध्यापकही पुरे नसतात. तेव्हां दोन्ही ठिकाणीं एकदां जाऊन यावें. तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशीं बोलावें. तास नियमितपणें होतात काय, प्रयोगशाळेंत स्वतःच्या हातानें काम करावयास मिळतें काय, शेवटच्या वर्षाचीं मुलें पुढें कोठें गेलीं, हें विचारावें. सुंदर छापलेल्या माहितीपत्रकापेक्षां या तासाभराच्या बोलण्यांतून अधिक कळतें.

पहिली पदवी ही शिक्षणाची शेवटची पायरी नव्हे, हेंही विसरतां कामा नये. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकले. १८८५ सालीं स्थापन झालेलें तें महाविद्यालय त्या वेळीं अगदीं बाल्यावस्थेंत होतें. तेथून सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले, १८९९ सालीं सीनियर रँग्लर झाले, आणि परत येऊन त्याच फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आजही हा मार्ग खुला आहे. गेट परीक्षेंत चांगले गुण मिळवून एम्. टेक्. ला जाणाऱ्या विद्यार्थ्यास मान्यताप्राप्त संस्थांत दरमहा १२,४०० रुपयांचें विद्यावेतन मिळत आलें आहे. संशोधनासाठीं कनिष्ठ अधिछात्रवृत्ति मिळविणारास २०२३ सालापासून दरमहा ३७,००० रुपये देण्याचें ठरलें. ज्या नामांकित संस्थेंत पहिल्या पदवीसाठीं लाखों रुपये द्यावे लागतात, तीच संस्था पुढच्या पदवीसाठीं गुणी विद्यार्थ्यास पैसे देऊन बोलावते. बारावीनंतर दूर राहिलेलें दार चार वर्षांनीं उघडूं शकतें. मात्र मधल्या चार वर्षांत अभ्यास कसून झाला पाहिजे आणि डोक्यावर कर्ज नसलें पाहिजे.

मग मनांतल्या महाविद्यालयाचा हट्ट कधीं धरावा? आपल्याला हवा असलेला विषय दुसरीकडे शिकवीतच नसतील तर. दुसरें महाविद्यालय खरोखरच निकृष्ट असेल तर. किंवा दोहोंच्या खर्चांतील फरक विद्यार्थ्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कमाईंतून सहज भरून निघण्याजोगा असेल तर. अशा वेळीं कमी खर्चाच्या मोहानें चांगली संधि दवडणें हाही तोटाच होय. पण केवळ मित्र तेथें जाणार, नातेवाइकांत नांव होणार, किंवा इमारत भव्य आहे, एवढ्यासाठीं लाखों रुपयांचें ओझें उचलणें शहाणपणाचें नाहीं.

पालकांस आमची एक विनंति आहे. घरची आर्थिक स्थिति मुलांपासून लपवूं नका. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घरचें उत्पन्न किती, शिल्लक किती, कर्ज किती, हें समजून सांगितलें तर तो समजूतदारपणें निर्णय घेतो. आणि न सांगतां नुसतें “परवडत नाहीं” म्हटलें तर त्याच्या मनांत जन्मभराची अढी बसते. शेतीचा तुकडा विकून अथवा दागिने गहाण टाकून फी भरावयाची असेल, तर तेंही मुलाला आधीं कळूं द्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, घरांत दुसरीं मुलें आहेत. थोरल्याच्या नामांकित महाविद्यालयासाठीं सारी पुंजी खर्च झाली, आणि दोन वर्षांनीं धाकट्या बहिणीची वेळ आली तेव्हां तिला “जवळच्या गांवीं जें मिळेल तें शीक” असें सांगण्यांत आलें, अशीं घरें आपल्या भोंवतालीं थोडीं नाहींत. तिचें मन कोणत्या महाविद्यालयावर बसलें होतें, हें पुष्कळदां कोणी विचारलेलेंही नसतें. म्हणून हिशेबाचा कागद मांडतांना तो एका मुलाच्या नांवानें न मांडतां सर्व मुलांच्या नांवानें मांडावा. कित्येक कुटुंबांत तेवढ्यानेंच प्रश्नाचें उत्तर मिळेल.

विद्यार्थ्यांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. प्रवेशाच्या दिवसांत घाई करणारे पुष्कळ भेटतात. “आज पैसे भरा, उद्यां जागा राहणार नाहीं” असें सांगितलें जातें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालींच महाविद्यालयांस असें बजावलें आहे कीं, विद्यार्थ्यांचीं मूळ प्रमाणपत्रें तपासून परत द्यावीं, अडकवून ठेवूं नयेत. तेव्हां कोणाच्या धाकानें निर्णय घेऊं नका. सरकारी प्रक्रियेच्या ठरलेल्या तारखा मात्र कधीं चुकवूं नका. आणि एकदां निर्णय झाला कीं मागें वळून पाहूं नका. शिष्यवृत्ति घेऊन लहान महाविद्यालयांत गेलेला मुलगा जर चार वर्षें “मी तेथें असतों तर” एवढेंच घोकीत बसला, तर त्यानें पैसा वांचविला पण शिक्षण गमावलें. कांहीं महाविद्यालयांत “कमवा व शिका” ही योजना असते, कोठें रात्रीं उशीरापर्यंत ग्रंथालय उघडें असतें, कोठें विद्यार्थी थोडे असल्यामुळें अध्यापकांचा सहवास अधिक लाभतो. जें हातीं आहे त्याचा पुरेपूर उपयोग करणारा विद्यार्थी कोठेंही पुढेंच येतो.

या प्रश्नाचें एकच उत्तर सर्वांस लागू पडणार नाहीं. एकाच वर्गांतील दोघां मित्रांनीं एकाच दिवशीं उलट निर्णय घेतले, तरी दोघांचेही बरोबर असूं शकतील. कारण दोघांचीं घरें निराळीं, विषय निराळे आणि भावंडें निराळीं. पूर्ण खर्च मांडला, अटी वाचल्या, शाखेची चौकशी केली, घरांतील सर्वांस विचारांत घेतलें, आणि मग जें ठरलें तें मनापासून स्वीकारलें, तर विद्यार्थ्याला पुढें पस्तावण्याचें कारण उरत नाहीं. यंदा ज्यांच्या घरीं हा प्रश्न उभा राहील, त्यांनीं निकालाची वाट न पाहतां आजच एक कोरा कागद घेऊन बसावें. आणि त्या कागदाभोंवतीं आई, वडील व मुलें एकत्र बसावीं, एवढीच आमची इच्छा आहे.